परत आलेला ब्लाउज

मंगळवार, विक्रोळी

फुकटात राबायचं आणि वर चुका ऐकून घ्यायच्या, हा कसला धंदा? असं मी प्राजूला तोंडावर सुनावलं. जगभरातले लोक मिळून बनवतात त्या खुल्या सॉफ्टवेअरसाठी पोरीनं पहिल्यांदाच जावा या संगणकाच्या भाषेत कोड लिहून पाठवला होता. तो चुका सुधारायच्या सूचना लावून परत आला. मी शिवलेला ब्लाउज गिऱ्हाइकाकडून परत आला की माझं डोकं फिरतं, तसंच झालं. म्हटलं, "बंद कर हे." तिनं लॅपटॉप मिटला.

जेवताना बोलली, "आई, माझा कोड नको असता तर त्यांनी वाचलाच नसता गं. नीट करून दे म्हणाले होते."

ब्लाउज मीपण उसवून नीट करून देतेच ना? तीच बाई पुन्हा कापड घेऊन येते. मग पोरीलाच का असं तोडून बोलले?

तोवर नीट केलेला कोड गेला नाही तर शनिवारी ते लोक हे काम दुसऱ्याला देणार म्हणे. उद्या उठल्या उठल्या विचारते. प्राजू, शुक्रवारपर्यंत सांग, पुन्हा पाठवतेस का नाही?