पाकीट इथेच खायचं

३ मार्च
वहिनीचं बाळ पुन्हा लालमध्ये! कुपोषण मोजायची रंगीत पट्टी दंडाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली — लालच. महिनाभर पाकिटं चालू आहेत. शेंगदाण्याचा तो गोड लगदा खाऊन बाकीची मुलं बाळसं धरतात. हाच का नाही? असाच राहिला तर पावसाळ्याआधी जाईल.
दादा खाणीवर गेला तो गेलाच. त्याला काय कळवू?

५ मार्च
चर्चमधली बाकं भिंतीला सारली. मध्ये जुलाबाचे रोगी. मेणबत्त्यांच्या उंच स्टँडना सलाइनच्या बाटल्या टांगल्या आहेत. फादर बादल्या उचलत म्हणाले, "एवढी गर्दी तर माझ्या प्रवचनाला कधी झाली नाही!" कुणी हसेना. मग एक म्हातारी खुदकन हसली.
मला हसता आलं नाही. बाळाचा दंड डोळ्यांपुढून जात नाही.

७ मार्च
रिकामं पाकीट परत दिलं तरच मी नवं देते. आज वहिनीची रिकामी पाकिटं हातात घेऊन पाहिली. कडेनं फाडलेली, उलगडलेली, आतून चाटून चकचकीत. वर्षाचं मूल असं चाटत नाही!
वहिनी स्वतः खाते.

८ मार्च
तिला मागे नळाजवळ गाठलं.
"मी नाही खात, ताई."
"मग काय भुतानं चाटलं?"
"घरात एकच तोंड आहे का?"
म्हणजे कबूलच की! पुढे ऐकून घेतलं नाही. पोटच्या पोराच्या तोंडचं खाते, आणि वर मलाच विचारते. मोठी भाची तिथेच उभी होती, सात वर्षांची. "आत्या, पाणी वाया जातंय," म्हणाली आणि नळ बंद केला.

९ मार्च
फादरना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "तुझ्याच घरातलं आहे. जमेल तुला?" न जमायला काय झालं!
आजपासून नियम: पाकीट इथेच, चर्चमध्ये खायचं, माझ्यासमोर, आणि ज्याचं त्यानंच. पाकिटं पाच वर्षांच्या आतल्यांनाच.

१० मार्च
वहिनी बाळाला भरवते, मी समोर उभी. बसवतच नाही.
"पहारेकरीण शोभता हं, ताई."
"शोभू दे."
मोठीला आत येऊ देत नाही. जुलाबाची साथ, उगाच कशाला? ती दारात बसते.

१६ मार्च
बाळ हाताला जड लागलं. जड!

१९ मार्च
परवा पलीकडचा पूल खचला. ट्रक अडकला. शिधा निम्म्यावर आणला. रांगेत आरडाओरडा. एकीनं माझ्या अंगावर रिकामी पिशवी फेकली. उद्या येईल ट्रक, फादर म्हणतात. कालही म्हणाले होते.

२५ मार्च
पिवळ्यात आला! फादरनी बाळाला वर उचललं. "हा पाद्री होणार की पैलवान?" रोग्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. वहिनी मात्र दाराकडेच बघत होती. हसायचंसुद्धा नाही?
कृतघ्न. हा शब्द लिहिला, खोडला, परत लिहिला.

२७ मार्च
ट्रक नाही. मोठी आज दारात दिसली नाही. विचारलं तर वहिनी म्हणाली, "झोपलीय." दुपारी?
जाऊन यायला हवं.

२८ मार्च
जाणं झालं नाही. नवे रोगी आले, फिनेल संपलं, चुन्यावर भागवलं. संध्याकाळी बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं ते कळत नाही.

३० मार्च
वहिनीनं मोठीला पाठीवर घालून आणलं. सात वर्षांची पोर, पाठीवर.
"एक पाकीट द्या, ताई. भरवायला शिकवू नका. बाळाच्या पाकिटातलं अर्धं रोज हीच खायची."
पट्टी काढली. पाच वर्षांच्या आतल्यांची ती. तिच्या दंडाला पुरून उरली, लालमध्येच.