पोटरीवरचं शून्य

प्रिय खारू,

चेन अर्ध्यावर आली आणि थांबली. "ओढ गं मावशी, जोरात ओढ," तू म्हणालीस. तू तलावाकडे तोंड करून उभी होतीस आणि तुझ्या रबरी सुटाची पाठ माझ्या हातात होती. तुला वाटलं चेन अडकली. चेन अडकली नव्हती. डाव्या खांद्याच्या हाडाखाली, चेनीपासून दोन बोटं आत, एक तीळ होता आणि माझा हात त्याच्यापाशी थांबला होता. मी विचारलं, हा कधीचा? तू म्हणालीस, असेल जन्मापासूनचा, मला काय पाठीला डोळे आहेत? मी म्हणाले, दाखवून घे. तू म्हणालीस, रेस झाल्यावर बघू. मग मी चेन वर ओढली, तीळ झाकला गेला आणि तू पाण्यात उतरलीस.

त्याला आज सहा दिवस झाले. उद्या सकाळी रेस आहे, पोहणं, सायकल आणि धावणं. हे पत्र मी तुझ्या बुटांच्या पिशवीत ठेवते आहे, कारण तोंडाने सांगायला घेतलं की तू विनोद करतेस आणि मी हसते. विनोद तू तुझ्या बाबांकडून घेतलास. त्यावर हसायची सवय माझी, आणि ती जुनी आहे. उद्या तुझ्या पोटरीवर रेसचा आकडा मीच लिहायचा असं तू सगळ्यांना सांगून ठेवलं आहेस. हे वाचून झालं की तो कुणी लिहायचा ते पुन्हा ठरव. तू दुसऱ्या टेबलाकडे गेलीस तर मी काही विचारणार नाही.

आठवडा थकवणारा गेला. तुझा फलक काल संपवला. "त्वचेच्या कर्करोगावरील संशोधनासाठी" ही ओळ दोनदा पुसली, एका ओळीत बसतच नव्हती. आता शिडीवर चढवत नाही. कापड जमिनीवर पसरते आणि त्याच्याभोवती रांगत रंगवते, मग उठताना टेबलाचा पाय धरावा लागतो. न्हाव्याने तुझा फोटो आरशाला चिकटवला आहे. गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा ठेवतो आणि मग विचारतो, खारूच्या वर्गणीच्या डब्यात टाकलेत का? सगळे टाकतात. पावाच्या दुकानातली बाई तिचा डबा भरला म्हणून दुसरा मागायला आली होती. दुकानात जो येतो तो म्हणतो, पोरीने बापाचं नाव राखलं, तो घाट सायकलने चढायचा म्हणजे गंमत नाही. मग म्हणतो, आणि तुम्ही पण किती करता हो. मी मान हलवते आणि ब्रश धुवायला मागे जाते. या आठवड्यात माझे ब्रश फार स्वच्छ राहिले.

वर्गणीच्या पानावर तू जो फोटो लावला आहेस तो मी रोज बघते. बाबांची पोटरी, तिच्यावर ४०८, आणि मधल्या शून्याच्या आत तीळ. खाली तू लिहिलं आहेस की मावशी दरवर्षी बाबांच्या तिळाभोवती शून्य काढायची आणि दोघं दरवर्षी हसायचे. लोकांना ते आवडलं आहे. एकाने लिहिलं आहे की डोळ्यांत पाणी आलं. हा फोटो काढून टाक असं मी तुला तीनदा सांगायला आले आणि तीनदा चहा पिऊन परत गेले.

तू तेव्हा वसतिगृहात होतीस, त्यामुळे सुरुवात कशी झाली ते तुला ऐकीव माहीत आहे. क्लबाला पहिल्या रेसच्या वेळी स्पर्धकांच्या पोटरीवर आकडे लिहायला माणूस हवं होतं. तुझे बाबा म्हणाले, आमच्या हिच्या मैत्रिणीचा पाट्या रंगवायचा धंदा आहे, तिच्याइतकं अक्षर कुणाचं नाही. पहाटे पाचला मला टेबलामागे बसवलं. दोन मार्कर, स्पिरिटची बाटली, कापूस, एक स्टूल. माणसं रांगेने यायची, पाय स्टुलावर ठेवायची आणि मी पोटरी पुसून आकडा लिहायचे. कुणी सनस्क्रीन लावून आलं की मी ओरडायचे, आधी आकडा, मग मलम, तेलकट कातडीवर शाई धरत नाही. सगळे मुकाट्याने ऐकायचे. तुझे बाबा रांगेतूनच म्हणायचे, आमच्या आकडेवाल्या बाईंना घाबरून राहा. मी म्हणायचे, असं चारचौघांत म्हणू नका वायरमन, लोकांना वाटेल माझा जुगाराचा अड्डा आहे.

पहिल्या वर्षी त्यांना ४०८ हा आकडा आपोआप मिळाला. मी चार लिहिला, आणि पुढे शून्याच्या जागी बरोबर मधोमध तीळ. मी म्हणाले, वायरमन, तुमच्या शून्यात आधीच कुणीतरी बसलं आहे. त्यांनी मान वळवून पाहायचा प्रयत्न केला. स्वतःची पोटरी मागून कुणाला दिसत नाही. मी तिळाला धक्का न लावता भोवती शून्य काढलं आणि क्लबाच्या फोटोवाल्याला बोलावलं. त्या दिवशी ते शेवटून चौथे आले. पाय फोडून घेतले होते, तरी संध्याकाळी तुझ्या आईला अंघोळीआधी फोटो दाखवत बसले. पुढच्या वर्षी त्यांनी तोच आकडा मागून घेतला. मग तो रिवाजच झाला. आधी माझ्याकडे यायचं, शून्य काढून घ्यायचं, फोटो, मग पाण्यात.

यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे. पुढचं नाही.

माझ्या हाताला माप कळतं. दुकानात अजून मी पट्टी वापरत नाही, तू पाहिलं आहेस. अक्षर दीड इंचाचं म्हटलं की दीड इंचाचंच उमटतं, आज काढलं काय आणि दहा वर्षांनी काढलं काय. तुझ्या बाबांच्या पोटरीवर मी चार वर्षं एकच आकडा, एकाच मापाचा लिहिला. पहिल्या वर्षी तीळ मसुराएवढा होता आणि शून्यात त्याच्याभोवती ऐसपैस जागा होती. दुसऱ्या वर्षी तो वाटाण्याएवढा होता. तिसऱ्या वर्षी सदऱ्याच्या बटणाएवढा, आणि त्याची कड आणि शाई यांच्यात केसाएवढी फट उरली. त्या वर्षी मी श्वास रोखून शून्य काढलं, ते मला स्वतःची करामत वाटली. फोटोवाल्याला म्हणाले, बघ, कुठेही टेकलं नाही.

चौथ्या वर्षी शून्य बसेना. तीळ एका बाजूने पसरला होता, ब्रश निसटल्यावर कड जाते तसा. मला शून्य रुंद करावं लागलं. चार आणि आठच्या मध्ये ते बेढब दिसत होतं आणि मला राग आला. तिळाचा नाही. अक्षर बिघडल्याचा. खारू, मला एवढाच राग आला.

मी म्हणाले, वायरमन, हा वाढलाय. ते म्हणाले, वाढला नाही, तुमचा हात सैल पडला, वय झालं आकडेवाल्या बाईंचं. मागे रांगेत लोक हसले. मी पण हसले. मी म्हणाले, तरी दाखवून घ्या. ते म्हणाले, रेस झाल्यावर दाखवतो. मग मी पुढच्या माणसाला म्हणाले, पाय वर.

माझा हात सैल पडलेला नव्हता हे मला माहीत होतं. त्याच महिन्यात मी शाळेची पाटी रंगवली होती, एकसष्ट अक्षरं, एकही वेडंवाकडं नाही. रेसनंतर मी त्यांना विचारलं नाही. ते घरी यायचे, मी तुमच्या घरी यायचे, पोटरीचा विषय कधी निघाला नाही. आपण वर्षातून एकदा पाहतो ती गोष्ट वर्षातून एकदाच आठवते, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. ते खरं नाही. आठवण व्हायची. मग वाटायचं, दाखवला असेल.

सात महिन्यांनी तो बुटाला घासून फुटला आणि रक्त थांबेना, तेव्हा ते दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हा किती दिवसांपासून वाढतोय? ते म्हणाले, दोनेक महिने. तुझी आई म्हणाली, मला तर वाढलेला दिसलासुद्धा नाही, घरात कायम पायजमा. मी थर्मास घेऊन दारात उभी होते. चार वर्षं, हे मला माहीत होतं. कोणत्या वर्षी केवढा तेही माहीत होतं, त्याचे फोटो माझ्या खणात होते. मी आत गेले, चहा ओतला आणि कप पुढे केले. बाहेर आल्यावर तुझ्या आईने माझा दंड धरून विचारलं, एवढ्या माणसांत वावरणारा माणूस, कुणालाच कसं गं दिसलं नाही? मी थर्मासचं झाकण घट्ट करत राहिले. ते आधीच घट्ट होतं.

पुढचं दीड वर्ष तू पाहिलं आहेस. शेवटच्या दिवसांत एकदा खोलीत आम्ही दोघंच होतो. पाय पांघरुणाबाहेर होता, पट्टी बांधलेला. ते म्हणाले, शून्य गेलं आता, नुसते अठ्ठेचाळीस उरलो. मी हसले. त्यांना हसलेलं हवं होतं. पण त्यांनी त्यानंतर माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्यांना माहीत होतं की मला माहीत होतं, असं मला वाटतं. नक्की सांगता येणार नाही. मी उशी सरळ केली.

सोबत चार फोटो ठेवले आहेत. प्रत्येकाच्या मागे वर्ष लिहिलं आहे. ते ओळीने लाव आणि बघ. चौथा तुझ्या पानावर आहे, पण एकटा फोटो काही सांगत नाही. तुझ्या आईला मी अजून सांगितलेलं नाही. रेसचा दिवस पार पडू दे, मग मीच जाऊन सांगेन, ते काम तुझ्यावर टाकणार नाही.

माफी मागायला मी हे लिहीत नाही. ती द्यायची की नाही ते तू सवडीने ठरव. लिहायचं कारण तुझ्या पाठीवर आहे. तो जन्मापासूनचा नाही. तू पाच वर्षांची असल्यापासून मी तुला पोहायला नेत होते, ओल्या पाठीवरून टॉवेल फिरवत होते, तिथे काही नव्हतं. तो मसुराएवढा आहे आणि त्याची एक कड निसटलेली आहे. तलावावर मी तुला ते म्हातारीच्या काळजीसारखं सांगितलं आणि तू ते हसण्यावारी नेलंस, कारण मला ते कशावरून कळतं हे तुला माहीत नव्हतं. आता आहे. मंगळवारी साडेदहाची वेळ घेतली आहे, त्याच डॉक्टरीणबाईंकडे, तुझ्या नावाने. रेस सोड असं मी म्हणत नाही. तू दिवसभर पोहशील, सायकल हाणशील, धावशील आणि लोकांनी संशोधनासाठी पैसे दिले आहेत, ते सगळं ठीक आहे. तीळ साधाही निघेल, आणि मग तू मला जन्मभर चिडव. पण "रेस झाल्यावर" हे मी एकदा ऐकून घेतलं आणि पुढच्या माणसाला पाय वर ठेवायला सांगितलं. या वेळी मी तारीख आणि वेळ लिहून देते आहे.

तुझीच,
आकडेवाली मावशी

कच्च्या प्रतीखाली, पेन्सिलीने, दुसऱ्या दिवशी:

खारू पाच वाजून चाळीस मिनिटांनी रांगेत आली. शेजारच्या टेबलावरची मुलगी मोकळी होती, तिने खारूला हाक मारली. खारू माझ्यापुढेच थांबली. पाय स्टुलावर ठेवला. मी पोटरी स्पिरिटने पुसली आणि तिने मागून घेतलेलं ४०८ लिहिलं. शून्य रिकामं, चार आणि आठच्या मापाचं. शाई वाळल्यावर तिने सूट चढवला आणि पाठ माझ्याकडे केली. चेन अर्ध्यावर आली तेव्हा ती म्हणाली, मंगळवारी दहा की साडेदहा? मी म्हणाले, साडेदहा. मग चेन वर ओढली.