दोघींचा डबा

मायाक्का मावशी,

मैंदर्गीच्या एसटीनं तुमचा डबा आजही आला, नेहमीसारखा दोघींचा. तुमच्या दिपालीला कंपनीनं काढून बारा दिवस झाले. घरी सांगू नको म्हणाली, म्हणून आजवर कळवलं नाही; डबा घ्यायला स्टँडवर मी एकटीच जाते.

ती माझ्या टीममध्ये आली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "पोरीला सांबाळून घे की, बाई." मी घेतलं. तिचा प्रोग्राम चुकला की गुपचूप दुरुस्त करून पुढं पाठवायचे. वर्षभर. शेजारी बसवून चूक दाखवली तर तिला वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे शिकवायचा कंटाळा होता.

गेल्या महिन्यात नव्या साहेबांनी प्रत्येकाला एकट्यानं काम करायला लावलं. तिला काहीच जमलं नाही. 'वर्षभरात सुधारणा नाही' हा शेरा मीच लिहिला, खाली सहीही माझीच.

ती रडली नाही. एवढंच विचारलं, "ताई, मला येत न्हाय हे तुला पहिल्यापासनं ठाऊक होतं व्हय?"

तिच्या वाटणीचं तिच्या खोलीवर नेऊन देते. घशाखाली उतरत नाही म्हणून ती परत करते.

मला उतरतं.

तुमच्या भाकरीची वाटेकरी,
उत्कर्षा