कंदीलवालं की चाकवालं

५ जाने., रवि.
पुढच्या महिन्यात आईला पंचाहत्तर. जेवण बाहेरच; घरी घातलं तर तीच चुलीपुढं बसेल, असं दादाचं म्हणणं. हॉटेल शोधायचं काम माझ्या गळ्यात. दोन उरलीत. तेर रोडचं कंदीलवालं आणि बेंबळी रोडचं, दारात बैलगाडीचं चाक टांगलेलं. दादाला चाकवालं हवं, गावाजवळ म्हणून. आईला फोन केला. "चाकाच्यात कशाला? लई धूर असतो तिथं." हिला कसं ठाऊक?

८ जाने., बुध.
शाळा सुटल्यावर कंदीलवालं. सारवलेल्या भिंती, घोंगड्या, कंदिलात मात्र बल्ब! येसर आमटी झणझणीत. भाकरी जाड. पण गार झाली की ताटातली उचलून तव्यावरची वाढतात. हे आवडलं.

११ जाने., शनि.
आज दुपारी चाकवालं.
भाकरी आली. कडेला अंगठ्याचा वाकडा ठसा. कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडून वाकडा झालेला तो अंगठा मी ओळखणार नाही? उठून मागं गेले. तीन चुली, तीन बायका. मधली आई.
आई! हिरवं इरकल, नाकात खोटी नथ, समोर पोरी मोबाईल धरून शूटिंग करतायत. घरी दादाला सांगते, दुपारी भजनाला जाते. तिनं मला पाहिलं. हातातली भाकरी थापून पूर्ण केली, तव्यावर टाकली, मग म्हणाली, "जेवून घे आधी. गार होईल."
आणि मी मुकाट जाऊन जेवले. काय बाई आहे मी!

१२ जाने., रवि.
बेंबळीला, दादाच्या घरी गेले. दादा-वहिनी शेतात, बरंच झालं. आठ महिने चाललंय म्हणे! हॉटेलची गाडी देवळापाशी येते.
"दादानं काही कमी केलं का तुला?"
"न्हाय गं. सून गुणाची हाय. आत्या, तुम्ही बसा म्हणती. लई बसले. तिथं लोकं इचारत्यात, मावशी, ही भाकरी तुमच्या हातची का?"
"आणि गावात कळलं तर?"
"तुला लाज वाटती व्हय?"
वाटते. इथं तरी खरं लिहावं.
निघताना विचारलं, मग वाढदिवसाला कुठं? तर म्हणाली, "कंदिलाच्यात. माझ्या हातचं जन्मभर खाल्लंत. मला तव्यावरची गरम भाकरी कुणी कधी वाढली, सांग."
एसटीत धाराशिवपर्यंत आठवत बसले. एकदाही आठवेना. माझ्या हातची तर नाहीच. कालच्यापेक्षा हा धक्का मोठा.

१४ जाने., मंगळ.
संक्रांत. तिळगूळ राहिला बाजूला, दादाचा फोन. चाकवालं ठरवून मोकळा झाला! वर आवाजात केवढा आनंद:
"मालकाला बजावून सांगितलंय, भाकरी त्या मावशीच्याच हातची पाहिजे. लोकं लई नाव काढत्यात तिचं. आईला बी कळू दे, दुसऱ्याच्या हातची कशी लागती."
मी "बरं" म्हणून फोन ठेवला.
आईला सांगितलं. आधी खूप हसली. मग म्हणाली,
"मंग त्या दिशी म्या कुठं बसू गं? पंगतीत, का चुलीपुढं?"
उद्या बेंबळी. दादाला सांगायचं तर सुरुवात कुठून करायची?