दुसरी ओळ

बाबा, लेकीनं मला अमेरिकेत एका गाण्याच्या कार्यक्रमाला नेलं होतं, आणि तिथं भरदुपारी, हजारो परक्या माणसांत, मला तुमचा इतका राग आला की रडूच फुटलं. राग लवकर गेला, रडू मात्र आवरेना. शेजारच्या बाईनं मला कागदी रुमाल दिला. तिला वाटलं असावं, मी या गाणाऱ्यांची फार जुनी भक्त आहे.

जावई तिकडचाच. त्याचे वडील मेक्सिकोतून स्ट्रॉबेरी तोडायला आले आणि तिथंच राहिले. म्हणजे आपल्यासारखीच मळ्यातली माणसं. तो मला पसंत पडला तो त्यामुळेच, पण हे मी लेकीला सांगितलेलं नाही. तो शाळेत असताना ज्यांची गाणी ऐकायचा, ते त्यांच्या लोकांतले जुने रॅपवाले आता साठीला टेकले आहेत, आणि ते सगळे एकाच मंचावर येणार होते. रॅप म्हणजे काय हे तुम्हाला कसं सांगू? सूर कमी, बोलणं जास्त. तालावर यमकं जुळवायची, समोरच्याची उडवायची, आपल्या गल्लीचा मोठेपणा सांगायचा आणि शेवटी गर्दीनं एकदम आवाज द्यायचा. त्यांचे पायजमे एवढे ढगळ की एकात आपल्या घरची दोन माणसं मावली असती. अर्धं स्पॅनिश, अर्धं इंग्रजी असं ते खुशाल मिसळून बोलत होते, आणि नीट बोला असं कोणी त्यांना म्हणत नव्हतं. मी लेकीला म्हटलं, अगं, या तर झडत्या आहेत. तिला झडत्या माहीत नव्हत्या. तो दोष माझाच.

मग मी तिला सांगत बसले. पोळ्याला देऊळघाटच्या वेशीत तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहायच्या, दोन आळ्यांची माणसं समोरासमोर. एकानं पहिली ओळ टाकायची, त्याच दमात यमक जुळवून दुसरी, आणि मग सगळ्यांनी मिळून हर हर महादेव. दुसरी ओळ अडली की समोरचे ओरडायचे, बैल बसला. तुमचा बैल कधी बसला नाही. पण त्यातलं अर्धं मी तिलाही सांगितलं नाही, बाबा. पोळ्याच्या दिवशी सकाळी आई पाट्यावर पुरण वाटायची, तुम्ही चुलीपाशी बशीतून चहा पीत बसायचे आणि सहज बोलल्यासारखी एक ओळ टाकायचे. मग माझ्याकडे पाहून म्हणायचे, "लाव वो माय पुढची." मी नऊ-दहा वर्षांची असेन तेव्हापासून तुमची दुसरी ओळ माझी असायची. बायकांनी वेशीत बैलांजवळ जायचं नाही, ओट्यावर दूर उभं राहायचं. तुम्ही माझी ओळ तुमच्या आवाजात म्हणायचे, महादेवाचा गजर व्हायचा, आणि त्या गर्दीतून तुम्ही एकदाच ओट्याकडे पाहायचे. तेवढ्यावर मी वर्षभर फुगून राहायचे.

पुण्याला कॉलेजात गेल्यावर दुसऱ्या वर्षी माझी खोलीतली मैत्रीण पोळा पाहायला आली. तुम्ही आम्हाला घ्यायला बुलढाण्याच्या स्टँडवर आला होता, आणि ती पाणी आणायला गेली तेवढ्यात मी तुम्हाला बजावलं, तिच्यासमोर मले-तुले करू नका, नीट बोला. तुम्ही रागावला नाहीत. "बरं, नाही बोलत," एवढंच म्हणालात आणि दोन दिवस खरोखरच बोलला नाहीत. तिला पुस्तकातलं वाचावं तसं "जेवण झालं का?" एवढं तेवढं विचारायचे. पोळ्याच्या सकाळी मात्र ती झोपलेली असताना तुम्ही चुलीपाशी हळू आवाजात ओळ टाकली, आणि मी सवयीनं पुढची लावून दिली. तुम्ही मान हलवून चहा संपवला.

संध्याकाळी वेशीत तुमची पाळी आली. तुम्ही म्हणालात, "ढग आले डोंगरावरून, न बरसता गेले पळून..." आणि थांबलात. मग ओट्याकडे वळलात आणि माझ्या दिशेनं हात पुढे केलात, तळवा वर. ते मला आत्ताही दिसतं. बैलाच्या शिंगांना बेगड चमकते आहे, सगळा गाव मान वळवून माझ्याकडे पाहतो आहे आणि मी मैत्रिणीकडे पाहते आहे. मैत्रिणीनं विचारलं, "काका विसरले का गं?" मी म्हटलं, "हो, विसरले वाटतं." तेवढ्यात समोरून कोणीतरी ओरडलं, "बैल बसला बे!" गाव हसला. तुम्हीही हसलात आणि तो हात खाली घेऊन बैलाच्या पाठीवर ठेवलात. घरी येताना मी तुमच्यामागून चालत होते. तुम्ही मागं न पाहता म्हणालात, "जाऊ दे वो माय. घरचं घरात राह्यलं." मला वाटलं, तुम्ही झाल्या फजितीबद्दल बोलताय. त्यानंतर तुम्ही झडती म्हटली नाहीत, आणि तिसऱ्या वर्षी छातीत कळ येऊन गेलात. मी शिकून बुलढाण्यातच मास्तरीण झाले आणि तीस वर्षं पोरांच्या वह्यांतल्या 'मले'वर लाल रेघ मारत राहिले.

तर त्या कार्यक्रमात एक म्हातारा होता. गुडघे गेलेले, म्हणून उंच स्टुलावर बसून म्हणत होता, पण जीभ अशी चालत होती की टाळ्या वाजवणारे मागे पडावेत. मधेच, ऐन ओळीत, तो थांबला. विसरला बिचारा, आता हसतील, असं वाटून मी खुर्चीतून अर्धी उठलेसुद्धा. त्यानं मंचाच्या कडेला पाहून हात पुढे केला, तळवा वर. तिथून एक चाळिशीची बाई आली, साध्या कपड्यांतली, आणि राहिलेली ओळ तिनं पुरी केली. काय गजर झाला, बाबा! मी जावयाला विचारलं, तो विसरला होता का? तो हसला. म्हणाला, विसरेल कसा, जन्मभर हेच म्हणत आलाय. ती त्याची मुलगी. तिला म्हणता यावं म्हणून तो दर वेळी इथं थांबतो.

तेव्हा मला तुमचा राग आला. सकाळी चुलीपाशी लावलेली ओळ तुम्ही संध्याकाळपर्यंत विसरणार होता? या झडत्या कोणाच्या आहेत हे तुम्ही अख्ख्या गावाला सांगायला निघाला होता, माझ्या पुण्याच्या मैत्रिणीसकट. मग नंतर मला तसं सांगितलं का नाहीत? आणि लगेच आठवलं, बोलू नका असं मीच तुम्हाला बजावलं होतं. तिथं सगळे ओरडत होते, त्यात मीही ती राहिलेली ओळ ओरडले: "माह्या बैलाचं घुंगरू आयकून पाह्यलं त्याईनं मांगं वळून!" जावयाला वाटलं, सासूबाईंना स्पॅनिश यायला लागलं.

उद्या पोळा आहे. मी देऊळघाटला आले आहे, आणि हे लिहून आईच्या पुरणाच्या डब्यात ठेवणार आहे, कारण पाठवायचं कुठं? आपल्या भावकीत आता ट्रॅक्टरच धुतात, पण भावानं एक जोडी ठेवली आहे. आज त्यांच्या खांद्यांना हळद-लोणी लावताना त्यानं सुनेला तो किस्सा सांगितला, दर वर्षी सांगतो तसाच. "त्या साली बाबाचा बैल बसला होता. काऊन थांबले, कोणालेच समजलं नाही." सून हसली. मला तोंड उघडायचं होतं. लोणी हातातच होतं, आणि सवयीनं, बाबा, मीही हसले.

ते दोघं आत गेल्यावर मी बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं आणि त्याच्या कानाशी वाकून दुसरी ओळ म्हटली. इथं, आपल्या गावात, मोठ्यानं म्हणायला मला अजून जमत नाही.