चंद्रीची खोड

म्हसावद, बुधवार, मार्गशीर्ष १९५८

चंद्रीला सुपडू चाबूकस्वाराकडे देऊन महिना झाला. शिकवून सारंगखेड्याच्या यात्रेत तोच विकणार; तोवर घोडी माझीच. खोड एकच, आमच्या विहिरीपाशी थांबायची. माझी बायको सुमन तिथे तिला भाकर भरवायची. सुमन वारली, तरी चंद्री थांबायचीच.

आज सुपडूने मुद्दाम तिला विहिरीवरून दौडत नेऊन दाखवली. कान हलला का तिचा? मला वाटलं, हलला. नसेल.

"खोड गयी, भाऊ! आते कोठेच थांबत नही."

शाबास म्हणालो. मीच सांगितलं होतं ना, खोड मोड म्हणून? मग इतकं का लागावं?

तो गेल्यावर कितीतरी वेळ विहिरीपाशीच होतो. खिशातून हात काढला, तर मुठीत भाकरीचा चुरा.