उसाच्या रानातला रंगमंच

आबा, हुपरीच्या रस्त्याला तुम्ही बांधलेला रंगमंच अजून उभा आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी विशीत होते, आता माझे केस पिकायला लागलेत. एवढ्या वर्षांनी तुमच्याशी बोलावंसं वाटलं, म्हणून लिहायला बसले.

तुमच्या थिएटरची सुरुवात आपल्या स्वयंपाकघरात झाली. संगीत नाटकांना चाली लावण्यात तुमची हयात गेली, पण नाटक कायम भाड्याच्या हॉलमध्ये. त्या दिवशी तिसरा अंक रंगात आला होता आणि मागून लग्नाचे मांडववाले बांबू घेऊन आत शिरले. हॉलच्या मॅनेजरनं नायिकेचं पद अर्ध्यातच थांबवलं. तुम्ही घरी आलात, पाणीसुद्धा न पिता चुलीपाशी पाटावर बसलात आणि म्हणालात, "आता आपलं थेटर बांधायचं." आई भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बांधा की. पर त्यात मी कुठं बसायचं? परत रांधायलाच न्हवं?" नाटक कंपनीच्या माणसांना जेवू घालण्यात आईनं तुमचं एकही नाटक पुरतं पाहिलं नव्हतं, हे आपल्या दोघांच्याही तेव्हाच ध्यानात आलं. तुम्ही म्हणालात, "पहिल्या रांगेत. मधोमध."

मग आईला माहेरून मिळालेल्या रानाच्या कडेला काम सुरू झालं. लोक आधी भिंती आणि छप्पर बघतात, तुम्ही आधी रंगमंच बांधला आणि त्याच्या पाठीशी अर्धगोल भिंत. गवंडी डोकं खाजवत विचारायचा, "मास्तर, पावणं बसणार कुठं?" "बसतील की मातीत. ऐकू आलं पाहिजे." रोज संध्याकाळी तुम्ही मला वर उभं करता आणि स्वतः लांब उसाच्या कडेला जाऊन उभे राहता. मी माझं पद म्हणताना ताना घेते, आणि तिकडून तुमचा आवाज येतो, "गळा दाखवू नगंस! पदातल्या त्या बाईचा नवरा परत आला न्हाय, ते सांग!" मी रडकुंडीला येते. आज माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना मी हेच वाक्य ऐकवते, फक्त जरा हळू आवाजात.

छप्पर व्हायच्या आधीच तुम्ही पहिला प्रयोग लावलात. जेवण शेजारणींकडे सोपवून, इस्त्रीचं लुगडं नेसून आई मधल्या खुर्चीवर अवघडून बसली होती. शेजारच्या विहिरीवरच्या मोटरची घरघर पहिल्या अंकापासून चालूच होती. माझं पद आलं आणि लाईट गेली. माईक बंद, दिवे बंद. मी थांबणार होते, तेवढ्यात अंधारातून तुमची पेटी वाजत राहिलेली ऐकू आली. लाईटीबरोबर मोटरही बंद पडली होती, रान एकदम शांत झालं होतं. मी गायले. कुणीतरी मोटारसायकल वळवून तिचा उजेड माझ्यावर धरला, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. पद संपल्यावर टाळ्या थेट उसाच्या कडेपासून आल्या. तुम्ही खाली उतरून आईसमोर उभे राहिलात. तुम्हाला असं भ्यालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आलं ऐकू. समदं आलं." तुम्ही तिच्या शेजारी मातीतच बसलात.

थंडी सुरू झाली आणि तुमच्या छातीत दुखायला लागलं. त्यातच तुम्ही गेलात. बाकीच्या भिंती बांधायच्या राहिल्या, छप्पर राहिलं. पुढं त्या जागेवर मंगल कार्यालय बांधायचं म्हणून एक जण आईकडे आला. आईनं त्याला चहा पाजला आणि ती म्हणाली, "ही माझी पहिल्या रांगेतली जागा हाय, पावणं. ती न्हाय इकायची."

आता रविवारी मुली येतात, कुणी मुरगूडहून, कुणी कागलहून. पेटी मी वाजवते. तुम्ही हयात असता तर हे तोंडावर सांगायची माझी छाती झाली नसती, आणि हे पत्र तरी कुणाच्या पत्त्यावर टाकणार, म्हणून इथं लिहून ठेवते. अंधारात गायलेल्या त्या पदाचा अंतरा मुलींच्या गळ्याला फार उंच जात होता. मी त्याची चाल बदलली, आबा. आणि खरं सांगू, माझी जास्त चांगली झालीय.